ओळ खाली उतरते

गाण्याचं नाव मी सांगणार नाही. सांगतलं की तुम्ही लगेच मोबाइल काढाल, गाणं शोधाल, अन् माझ्याच गोष्टीत माझी चूक काढाल. चूक काढणारे माझ्या घरी दर रविवारी अकरा जण येतात, बाराव्याची मले गरज नाही.

एवढं सांगते, की जुनं मराठी गाणं आहे, सिनेमातलं, अन् तो सिनेमा यवतमाळात तीन दिवस चालला अन् आमच्या पुसदमध्ये आलाच नाही. गाण्यात एक बाई आहे. तिचा माणूस कुठंतरी गेला, तो काही येऊन नाही राह्यला. पहिल्या ओळीत ती वाट पाहते. दुसऱ्या ओळीत म्हणते, आता मी दार लावून घेते. बस, एवढंच. ही दुसरी ओळ शेवटी खाली उतरते का वर चढते, याच्यावर माझ्या संसाराची चौतीस वर्षं गेली.

आमचे नीळकंठराव तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. तहसीलदार येतात अन् बदलून जातात, अव्वल कारकून तिथंच राहते. लोक कागदाची झेरॉक्स घेऊन आले की हे चष्मा नाकावर आणून म्हणत, "मूळ प्रत दाखवा." सारी नोकरी हेच म्हटलं. मग रिटायर झाले, अन् मूळ प्रत दाखवाले कोणी येईना. पंधरा दिवस त्यायनं घरातली गॅसची पुस्तकं, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, माझं बारावीचं सर्टिफिकेट, सारं तपासून काढलं. सोळाव्या दिवशी मंडळ काढलं.

मूळ गीत रसिक मंडळ, पुसद. बैठक दर रविवारी सकाळी दहा वाजता, आमच्या हॉलमध्ये. आता साऱ्या दुनियेत गाण्याचे शौकीन काय करतात? "हे ऐक बाबू, काय गाणं आहे!" म्हणतात, एकमेकायले ऐकवतात, खुश होतात, घरी जातात. आमच्या मंडळात असा पोरखेळ चालत नाही. इथं आळीपाळीनं एक सभासद आपलं आवडतं गाणं आणते. आधी मूळ गाणं वाजते, ते डोळे मिटून ऐका लागते. मग तेच गाणं दुसऱ्या कोणी म्हटलं असन तर ते वाजते. ते डोळे उघडे ठेवून ऐका लागते, हातात पेन घेऊन. मग होते निवाडा.

निवाड्यासाठी रजिस्टर आहे. त्यात रकाने आहेत: अनुक्रमांक, गीत, मूळ गायक, नक्कलकर्ता, दोष, शेरा. गुणाचा रकाना नाही. मी एकदा विचारलं तर हे म्हणाले, "नकलेत गुण कसला?" एका पोरीनं आपल्या खोलीत बसून गिटारवर जुनं भावगीत म्हटलं होतं, इतकं गोड की मी हातातलं उलथणं घेऊन दारात येऊन उभी राह्यली. रजिस्टरात यायनं लिहिलं, दोष: गिटार. शेरा: प्रयोजन काय?

सभासद अकरा आहेत, पण तुम्हाले तिघंच ओळखीचे झाले तरी पुरते. एक विठ्ठलराव, सायन्सचे रिटायर मास्तर. हे गाणं सुरू व्हायच्या आधीच रडतात. एकदा कोणाची तरी रिंगटोन वाजली तर यायचा रुमाल बाहेर. दुसरे पुंडलिकराव, कापूस अन् तुरीचे मोठे बागायतदार. हे येतात तर्री पोह्यासाठी, पण मत द्या लागते म्हणून प्रत्येक नकलेवर एकच मत देतात, "आत्मा नाही त्यात." अन् तिसरे धर्मपालभाऊ. यायचा लाउडस्पीकरचा धंदा. त्यायले मूळही आवडते अन् नक्कलही आवडते, म्हणून मंडळात त्यायले गाण्यातलं काही समजत नाही असं ठरलं आहे. पण मशीन त्यायचं आहे, म्हणून ठेवलं.

मी मंडळाची सभासद नाही. मी मंडळाचे पोहे आहो.

आता मूळ गोष्ट. नव्वद साली हे मले पाहाले राळेगावले आलते. कांदेपोहे झाले, मग यायच्या आईनं विचारलं, "मुलगी गाते का?" मी गात होती. शिकली कुठंच नव्हती, पण बाबायच्या रेडिओवर जे येई ते मले एकदा ऐकलं की येत होतं. मी तेच गाणं म्हटलं, दार लावून घेणाऱ्या बाईचं. दुसरी ओळ रेडिओवर जशी येई तशीच म्हटली, शेवटी खाली उतरवत, हळूहळू, जसं कोणी थकून बसते. आमची काकू रडली. यायची आई रडली. हे खाली सतरंजीकडे पाहत बसले होते. मले वाटलं, पोरगा आतून हलला. अवं माय, तो आतून चूक शोधत होता!

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी यायनं ट्रंकेतून एक कॅसेट काढली. रुमालात गुंडाळलेली. नोकरीच्या पहिल्या पगारात घेतलेली. म्हणाले, "त्या दिवशी तू दुसरी ओळ चुकली. ऐक." अन् वाजवली. दुसरी ओळ शेवटी वर गेली. ती बाई दार लावून घेते म्हणत होती, पण आवाज असा वर चढवत होती जसं का कोणाले हाक मारून राह्यली.

मी म्हटलं, "रेडिओवर तर खाली यायची."

"रेडिओवर तू काय ऐकलं याचा पुरावा आहे का?" हे म्हणाले. "मूळ माझ्याजवळ आहे."

मी बावीस वर्षांची होती. यायच्यापाशी कॅसेट होती, तिच्यावर गाणाऱ्या बाईचा फोटो होता. माझ्यापाशी काय होतं? कानात राह्यलेलं एक गाणं. मी गप्प बसली.

पण गप्प बसून भागलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. मी कणीक मळता मळता गुणगुणली, की हॉलमधून आवाज येई, "वर! वर!" मी कपडे वाळत घालताना गुणगुणली, की खिडकीतून, "वर जाते ती!" आमची शाल्मली तान्ही होती, तिले मांडीवर घेऊन थोपटत मी तेच गाणं म्हणून राह्यली होती, पोरगी नुकती झोपली होती, अन् हे दारातून हात वर करून करून सांगून राह्यले, वर, वर. पोरगी उठली. रडली. त्या दिवशी मी गाणं सोडलं. कोणी बंद करा म्हटलं नाही, मी भांडली नाही, डोळ्यातून पाणीही काढलं नाही. नुसतं सोडलं. अन् सोडलं हे आमच्या घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही, याचा मले आजही राग येते.

कॅसेट मात्र चालूच. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की ती वाजणार. टेपरेकॉर्डर बिघडला, तवा कुठं थांबली. त्याच्यानंतर हे स्वतःच नाकातल्या नाकात म्हणत, अन् दुसऱ्या ओळीले भिवया वर नेत.

तुम्ही म्हणाल, बाई, इतके वर्षं मोबाइल आहे, एकदा शोधून काहून नाही पाह्यलं? यायनं शोधलं नाही, कारण ज्याच्यापाशी मूळ आहे तो कायले शोधीन? अन् मी शोधलं नाही, कारण माझी खात्री झाली होती की मी चूक आहो. इतक्या वेळा ऐकलं की मले माझा रेडिओही खोटा वाटाले लागला होता.

मागच्या नोव्हेंबरात मंडळाची शंभरावी बैठक आली. यायनं ठरवलं, शंभराव्या बैठकीले आपलं गाणं. कॅसेट धर्मपालभाऊकडे देल्ली, मोबाइलवर घेऊन द्या म्हणून. देताना त्यायच्याकडून कागदावर पोच घेतली, "एक कॅसेट, सुस्थितीत, मिळाली."

शुक्रवारी दुपारी धर्मपालभाऊ घरी आले. चप्पल काढता काढताच विचारलं, "साहेब आहेत का?"

"नाही. जिवंत असल्याचा दाखला द्याले बँकेत गेले."

"बरं झालं," ते म्हणाले अन् खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. खिशातून कॅसेट काढून टेबलावर ठेवली. "वहिनी, ही कॅसेट मीच विकलेली होय. डब्बीवर माझ्याच दुकानाचा शिक्का आहे. तवा बसस्टँडपाशी माझं कॅसेटचं दुकान होतं नं."

"मग?"

"मग काय, पंचाईत झाली. त्या काळात अस्सल कॅसेट महाग पडे. मग दुसरे लोक तेच गाणे दुसऱ्या पोरापोरींकडून गाऊन घेत अन् स्वस्तात काढत. फोटो तोच, सिनेमाचं नाव तेच. खरं काय ते आत घडीमध्ये, बारीक अक्षरात." त्यायनं डब्बीतला कागद उघडला. "साहेबानं ही घडी फाटू नये म्हणून डिंकानं चिकटवून टाकली होती. डिंक वाळला, काल माझ्या हातात सुटली. वाचा."

मी चष्मा आणला. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: या कॅसेटमधील गाणी मूळ गायकांच्या आवाजात नाहीत.

मले आधी हसू आलं. ज्यानं ज्यानं तहसिलीत खालची बारीक ओळ वाचली नाही, त्याचा अर्ज या माणसानं सारी नोकरी परत केला. अन् स्वतःच्या कागदावरची बारीक ओळ स्वतःच्या हातानं डिंक लावून बंद करून ठेवली! मी तोंडाले पदर लावून हसली. मग धर्मपालभाऊ म्हणाले, "मूळ गाणंही सापडलं मले. एकानं जुनी तबकडी जपून ठेवली आहे, त्यानं इंटरनेटवर टाकलं," अन् त्यायनं मोबाइल लावला.

पहिली ओळ झाली. दुसरी आली. दार लावून घेते म्हणत ती बाई खाली आली, हळूहळू, एक एक पायरी, अन् थांबली. माझं हसू गेलं.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी बरोबर होती."

ते बिचारे काय समजणार. म्हणाले, "साहेबाले कसं सांगू? हळूच बाजूले घेऊन सांगतो. शंभरावी बैठक आहे, शोभा नको."

"हळूच नाही," मी म्हटलं. "बाजूले नाही. रविवारी, साऱ्यायच्या समोर, नियमानं. साहेब आपली कॅसेट मूळ म्हणून लावतील. नक्कल म्हणून तुम्ही हे लावा. कोणतं काय, हे कोणाले सांगू नका. बाकी मी पाहते."

"वहिनी, हे जमते का?"

"जमते. नाही जमलं तर पोहे नाही."

खोटं कायले बोलू, मले तमाशा पाह्यजे होता. आमच्या शाल्मलीच्या लग्नातही मले इतकी उत्सुकता नव्हती. पण तमाशाच्या वर मले दोन गोष्टी पाह्यजे होत्या. एक, त्या माणसाच्या तोंडून, मंडळासमोर, माझं नाव घेऊन, "रजनी बरोबर होती." अन् दुसरं, त्याच्यानंतर मी उभी राहून ती ओळ म्हणणार होती, माझ्यासारखी, खाली. शुक्रवार गेला, शनिवार गेला, मी तोंडातून सूर काढला नाही. नळ सुरू असताना एकदा जीभ शिवशिवली, पण मी दात दाबून धरले. म्हटलं, पहिल्यांदा म्हणीन तर यायच्यासमोरच.

रविवार आला. यायनं लग्नातला कोट घातला. विठ्ठलराव दोन रुमाल घेऊन आले. पुंडलिकरावायनं वासावरूनच ओळखलं की आज तर्री झणझणीत आहे, अन् स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची धरली. मी पहिल्यांदा हॉलमध्ये येऊन बसली. यायनं चष्म्यावरून माझ्याकडे पाह्यलं.

मग भाषण झालं. भाषण हे नेहमी शुद्ध मराठीत करतात. "मित्रहो, आज आपण जे ऐकणार आहोत ते केवळ गीत नाही. तो पुरावा आहे. नकलांच्या या बाजारात मूळ काय असते याचा पुरावा." धर्मपालभाऊनं खाली मान घातली अन् कॅसेटमधलं गाणं लावलं.

साऱ्यायनं डोळे मिटले. दुसरी ओळ वर चढली तशी अकरा मुंड्याही वर झाल्या. विठ्ठलराव पहिला रुमाल संपवून दुसऱ्यावर आले. गाणं संपलं. मग पुंडलिकराव म्हणाले, "आत्मा! याले म्हणतात आत्मा."

"आता नक्कल," हे म्हणाले अन् पेनचं टोपण काढलं. धर्मपालभाऊनं दुसरं लावलं.

काय सांगू तुम्हाले! त्या बाईनं पहिली ओळ पुरी म्हटली नव्हती तर एक जण च्यक च्यक करून राह्यला. दुसरा म्हणाला, "ही गाऊन राह्यली का झोपून राह्यली?" दुसरी ओळ खाली उतरली अन् सारे एकदम हसले. विठ्ठलराव, ज्यायचे डोळे अजून ओले होते, ते म्हणाले, "कुठं ती अन् कुठं ही! या बाईनं गाण्याचा अर्थच समजून नाही घेतला." पुंडलिकराव म्हणाले, "आत्मा नाही त्यात." अन् आमचे साहेब मोठ्यानं बोलत बोलत लिहू लागले, "दोष: दुसरी ओळ खाली पडते. अक्षम्य. शेरा: ज्यांना मूळ गीत ठाऊक नाही, त्यांनी ते गाऊ नये."

हे शेवटचं वाक्य लिहिताना त्यायनं माझ्याकडे पाह्यलं. हसून पाह्यलं, मजेत. त्यायच्या मनात वाईट नव्हतं, हे मले ठाऊक आहे. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उठली. डब्बीतला कागद उघडून यायच्या रजिस्टरावर ठेवला, त्याच्यावर भिंग ठेवलं अन् म्हटलं, "मूळ प्रत वाचा."

हे आधी हसले. मग चष्मा नाकावर आणला. मग भिंग उचललं. एकदा वाचलं, कागद उलटा करून पाह्यला, पुन्हा वाचलं. आतल्या तर्रीचा खदखद आवाज हॉलमध्ये येऊन राह्यला होता.

"याचा अर्थ..." ते म्हणाले.

"याचा अर्थ तुमची कॅसेट नक्कल आहे," मी म्हटलं. "अन् आता जिले तुम्ही सारे हसले, ती मूळ आहे. विचारा धर्मपालभाऊले. तबकडीचा फोटोही आहे त्यायच्यापाशी."

मोबाइल अकरा जणायच्या हातातून फिरला. मोठ्या लोकायची जात काय असते हे मी त्या पाच मिनिटात पाह्यलं. आधी सारे छताकडे, पंख्याकडे पाहून राह्यले. मग एक जण म्हणाला, "मले पहिल्याच वेळेस शंका आली होती." दुसरा म्हणाला, "वर जाते तवा जरा कृत्रिमच वाटते, नाही का?" विठ्ठलराव म्हणाले, "मी जे रडलो ते खरं तर दुसऱ्याच गाण्याले रडलो, आधीचं पाणी होतं ते." अन् पुंडलिकराव, पोह्याच्या आशेनं, माझ्याकडे पाहून म्हणाले, "आत्मा तर याच्यातच होता." मी त्यायले म्हटलं, "भाऊ, तुमचा आत्मा इकडून तिकडे लवकर जाते बाप्पा."

आमचे साहेब मात्र रजिस्टरातली आपलीच नोंद पुन्हा वाचून राह्यले होते. मग म्हणाले, "नोंदीत दुरुस्ती करावी लागेल."

"नोंदीत नाही," मी म्हटलं. "तोंडानं म्हणा."

"काय म्हणू?"

"चौतीस वर्षं मी काय म्हणत होती?"

त्यायनं चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यायचा चेहरा फार लहान दिसते. म्हणाले, "तू बरोबर होती, रजनी." मग साऱ्यायकडे पाहून पुन्हा म्हणाले, "ही बरोबर होती. पाहाले आलो त्या दिवशीच हिनं बरोबर म्हटली होती ती ओळ. मीच..." अन् शुद्ध मराठी संपली त्यायची. "मीच येडा."

मले वाटलं होतं, हे ऐकलं की मी नाचीन. नाचली नाही, पण छातीवरून काहीतरी उतरलं. खरंच उतरलं. मले यायची दयाही आली थोडी.

"मग म्हणून दाखव," हे म्हणाले. "राळेगावले म्हटली होती तशी."

मी उभी राह्यली. पदर सारखा केला. छप्पन वर्षांची बाई, पण वाटलं जसं का पुन्हा कोणी पाहाले आलं. मी डोळे मिटले अन् पहिली ओळ म्हटली. आवाज जाड झाला होता, मधी चिरकला, पण होता. गेला नव्हता कुठं. मले इतका आनंद झाला की काय सांगू. मी दुसऱ्या ओळीवर आली, दार लावून घेते म्हटलं, अन् ओळ वर गेली.

आपोआप गेली. मी नेली नाही.

मी थांबली. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. विठ्ठलराव म्हणाले, "वा वहिनी! हुबेहूब मूळ!" दोन्ही गाणे आताच ऐकलेले, एकावर हसलेले, एकावर रडलेले, अन् मी कोणतं म्हटलं हे त्यायच्यातल्या एकालेही समजलं नाही. समजलं ते दोघायले. मले अन् यायले. यायचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघून नाही राह्यला होता.

"म्हणा नं," मी म्हटलं. "आता काहून गप्प? इतके वर्षं सांगत होते नं वर, वर? आता सांगा."

"खाली, रजनी," ते हळूच म्हणाले.

मी पुन्हा म्हटली. ओळ वर गेली. तिसऱ्यांदा म्हटली, मनात खाली खाली म्हणत, पायऱ्या मोजत. दोन पायऱ्या उतरली अन् तिसरीवरून पुन्हा वर. माझा गळा, माझा आवाज, अन् त्याच्यात ती स्वस्तातली कॅसेट बसली होती. वर्षानुवर्षं दर रविवारी ऐकलेली. माझ्या बाबायचा रेडिओ कुठं गेला? मी मनात शोधून राह्यली अन् तो सापडून नाही राह्यला. तवा मी रडली. साऱ्यायसमोर, नाक ओढत, घाणेरडी रडली. म्हटलं, "माझी ओळ होती ती. तुम्ही खाऊन टाकली."

"वहिनी, काही फरक नाही पडत," विठ्ठलराव म्हणाले. "दोन्ही छानच वाटते."

"फरक पडते!" मी इतक्या जोरानं ओरडली की ते खुर्चीसकट मागं सरकले.

हे उठून माझ्यापाशी आले. लोकायसमोर यायनं कधी माझा हात धरला नव्हता, तो धरला. डोळ्यात पाणी होतं, खरं पाणी, विठ्ठलरावावाणी नाही. म्हणाले, "रडू नको. कठीण नाही ते. मले आता समजलं ते कसं जाते. थांब, मी शिकवतो तुले."

अन् उभ्या आयुष्यात नाकाच्या बाहेर सूर न काढलेल्या या माणसानं डोळे मिटले अन् गायलं. आवाज फाटका, बेसूर, पण दार लावून घेते म्हणत ती ओळ खाली आली. एक एक पायरी. जशी माझ्या राळेगावच्या घरी सतरंजीवर आली होती, तश्शी. पहिल्याच झटक्यात.

पहिले टाळी विठ्ठलरावायनं वाजवली, मग साऱ्यायनं. कोणीतरी वा वा म्हटलं, कोणी "साहेब, छुपे रुस्तम!" म्हटलं. हे माझा हात धरून लाजून राह्यले होते. अन् पुंडलिकराव खुर्चीतून पुढं वाकले, माझ्याकडे बोट करून मोठ्या मायेनं म्हणाले, "वहिनी, नीट ऐकून घ्या. अशी म्हणा लागते ती ओळ."